लहान मुलांच्या दातांतील जन्मजात वैगुण्ये आणि त्यांची पारख

(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



शाळामास्तर बोलावयास उभा राहिला म्हणजे तो शिक्षणावर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. आम्ही मात्र आज मुलांच्या दातांविषयी बोलणार आहोत, आणि तेही किडलेल्या दातांविषयी नव्हे. दात किडू नयेत म्हणून काय करावे, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांस सांगण्याची गरज नाही. कोणी मिसवाक करतो, कोणी बाभळीची अगर कडुलिंबाची काडी चावतो, कोणी ब्रश वापरतो. ते चांगलेच आहे. परंतु काही मुलांचे दात मुळातच निराळे घडलेले असतात. कोणाला दात कमी, कोणाला जास्त. कोणाचे पिवळे, खरबरीत. कोणाचे सुळ्यासारखे टोकदार. असले दात घासून सुधरत नाहीत, आणि ते तसे होण्यात मुलाचा अगर आईचा काही अपराधही नसतो. अशा मुलांबद्दल चार शब्द सांगावेत एवढाच आमचा हेतू आहे.

आम्ही पदवीधर शिक्षक आहोत, डॉक्टर नव्हे. निदान करणे हे दंतवैद्यकाचेच काम. पण निदानासाठी डॉक्टरला जी माहिती लागते, ती बहुतेक मुलाच्या घरी आणि शाळेत असते. मूल पहिलीत येते तेव्हा सहा वर्षांचे असते आणि सातवी सोडते तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. नेमकी हीच वर्षे दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याची. डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतो. आई आणि मास्तर त्याला रोज हसताना, जेवताना, बोलताना पाहतात. म्हणून काय पाहावे आणि काय विचारावे, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे.

प्रथम नेहमीचा हिशेब सांगतो. दुधाचे दात २०. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच ते तीन वर्षांत विसांची भरती पुरी होते. कायमचे दात ३२. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी दुधाचा दात पडलेला नसल्यामुळे पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच समजतात. सातव्या-आठव्या वर्षी वरचे पुढचे मोठे दात येतात, बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत २८ दात होतात आणि अक्कलदाढा सतराव्या वर्षानंतर केव्हाही येतात, कधी येतही नाहीत. चार-सहा महिन्यांचा फरक कोणत्याही मुलात पडतो. तेवढ्याने घाबरू नये.

दुसरी गोष्ट, दात कसा घडतो ती. दातावरचे कठीण पांढरे कवच, ज्याला डॉक्टर एनॅमल म्हणतात, ते दात हिरडीबाहेर येण्याच्या पुष्कळ आधी जबड्याच्या आत तयार होते. पुढच्या कायमच्या दातांचे कवच बाळ तीन-चार महिन्यांचे असता घडू लागते आणि चार-पाच वर्षांपर्यंत पुरे होते. दात बाहेर आला की कवच घडविणाऱ्या पेशी उरत नाहीत. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरते. एनॅमल मात्र पुन्हा घडत नाही. त्यामुळे त्या वर्षांत मुलाच्या शरीरावर जे गुजरले, ते दातावर कायमचे लिहिलेले राहते. हा लेख वाचण्यासाठी चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : दात किती आहेत?

मास्तराला हा प्रश्न आवडेल, कारण तो बेरीज-वजाबाकीचा आहे. वरच्या दोन मोठ्या दातांपैकी एक आला आणि त्यानंतर सहा महिने लोटले तरी त्याचा जोडीदार आला नाही, तर "येईल हळूहळू" म्हणून स्वस्थ बसू नये. पुष्कळदा त्या दोन दातांच्या मधोमध हाडात एक लहानसा जादा दात दडलेला असतो आणि तो वाट अडवून बसतो. जादा दातांत हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. एक्स-रे काढला की तो दिसतो, वेळीच काढला की पुष्कळ मुलांत अडलेला दात खाली येतो. उशीर झाला तर मग दात ओढून जागेवर आणावा लागतो. त्याला वर्षे लागतात आणि पैसाही.

कधी दुधाचा दात वयाने पडावयास हवा असून पडत नाही, कारण त्याच्या खालचा कायमचा दात घडलेलाच नसतो. खालची दुसरी उपदाढ आणि वरच्या मोठ्या दातांशेजारचा लहान दात यांच्या बाबतीत हे अधिक घडते. असा दुधाचा दात "अजून कसा पडला नाही" म्हणून दोरा बांधून ओढू नये. खाली वारस नसेल तर तोच दात पुढे कित्येक वर्षे मुलाच्या कामी येतो. एक-दोन दात कमी असणे फारसे दुर्मीळ नाही. अक्कलदाढा सोडून सहा किंवा अधिक कायमचे दात मुळातच नसणे हे मात्र दुर्मीळ, आणि तेथे डॉक्टरला साऱ्या शरीराचा विचार करावा लागतो. त्याविषयी पुढे सांगतो.

कधी दोन दात जोडून एक रुंद दात दिसतो. तेथेही मोजावे. जोडदात एक धरून मोजल्यावर एकूण संख्या एकाने कमी भरली, तर बहुधा शेजारचे दोन दात घडतानाच एक झाले. संख्या बरोबर भरली, तर बहुधा एकच दात दुभागू पाहत होता, अगर तो एखाद्या जादा दाताशी जोडला गेला होता. हा निवाडा एक्स-रेने होतो. दुधाच्या दातांत असे दिसले तर खालच्या कायमच्या दातांची संख्या तपासून घ्यावी, कारण तेथेही कमी-जास्त असण्याचा संभव असतो.

दुसरा प्रश्न : कोणकोणते दात बिघडलेले आहेत?

एकच कायमचा दात डागाळलेला व खडबडीत असेल, तर त्याच्या वरचा दुधाचा दात पूर्वी किडून पिकला होता काय, किंवा मूल तोंडावर आपटले होते काय, हे आठवावे. दुधाच्या दाताचा पू खाली घडणाऱ्या दाताचे कवच नासवतो. "दुधाचाच दात आहे, पडून जाईल" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अनेक दातांवर एकाच पातळीवर आडवी खाच असेल, तर त्या वयात मुलाला मोठे आजारपण अगर कुपोषण झाले होते काय, ते पाहावे.

सगळेच दात सारखे बिघडलेले असतील तर आणखी एक विचारावे : दुधाचे दातही असेच होते काय? दुधाचे आणि कायमचे असे दोन्ही संच सारखेच पिवळट, पातळ कवचाचे, थंड पाण्याने ठणकणारे असतील, तर एनॅमल घडविण्याचा दोष आनुवंशिक असण्याचा संभव अधिक. दात निळसर-तपकिरी, काचमण्यासारखे अर्धपारदर्शक दिसत असतील आणि दोन-चार वर्षांत झिजून हिरडीला टेकले असतील, तर दोष आतल्या डेंटीनचा असतो. आणि असा दात दिसला की विचारावे, या मुलाची हाडे वरचेवर मोडतात काय? डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर निळसर छटा आहे काय? कारण ठिसूळ हाडांच्या एका जन्मजात विकारात दात असेच असतात. शाळेत पडून तीनदा हात मोडलेले मूल धांदरट असेलच असे नाही. त्याचे तोंड उघडून पाहिले तर कारण दिसू शकते.

तिसरा प्रश्न : आणखी कोणाकोणाचे दात असे आहेत?

बिघाड एकट्या मुलाचा, साऱ्या घराचा, की साऱ्या गल्लीचा? निम्मे निदान या प्रश्नात आहे. साऱ्या वस्तीतील मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे अगर तपकिरी पट्टे असतील, तर वंशाकडे नव्हे, पाण्याकडे पाहावे. जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड फार असले की घडत्या दातांचे कवच बिघडते. हिंदुस्थानात या विकाराची नोंद प्रथम १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात झाली. आपल्या तेलंगणात नलगोंड्याचे नाव यासाठी सर्वांस ठाऊक आहे, आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गावे हे दुःख भोगीत आली आहेत. एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅम ही फ्लोराइडची कमाल मर्यादा धरली आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. ते काढण्याची एक सोपी रीत नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तुरटी व चुना वापरून बसविली, तिला नाव मात्र नलगोंड्याचे मिळाले. आज जेथे नदीचे शुद्ध केलेले पाणी नळाने घरी येते, तेथे बोअरच्या पाण्याची चव गोड लागते म्हणून मुलांस ते पाजू नये.

येथे एक गोष्ट माताभगिनींनी विशेष ऐकावी. असे डाग फक्त दात घडत असतानाच पडतात. चांगल्या पाण्याच्या गावाहून आलेली नवी सून अशा गावचे पाणी कितीही वर्षे प्यायली, तरी तिच्या दातांवर हे डाग येत नाहीत. तिच्या मुलांच्या दातांवर येतात. उलट, अशा गावची मुलगी डागाळलेले दात घेऊन चांगल्या पाण्याच्या गावी नांदावयास गेली, तर तिच्या मुलांस ते डाग मिळत नाहीत. हे डाग वंशाने जात नाहीत. दात पाहून मुलीचे स्थळ मोडणाऱ्यांनी हे एकवार समजून घ्यावे. डागाचे कारण विहिरीत असते आणि शिक्षा मुलीला मिळते.

आता घरातल्या घरात चालणाऱ्या दोषाचा विचार. आमच्या मुसलमान समाजात चुलत-मावस भावंडांत लग्ने होतात, मराठी घरांत मामाच्या मुलीशी होतात, तेलुगू घरांत मामाचे लग्न भाचीशीही होते. या चालींवर टीका करावयास आम्ही उभे नाही. एवढेच सांगतो की, काही दोष असे असतात की ते आईबाप दोघांकडून आले तरच मुलात दिसतात. एकाच रक्ताच्या नवराबायकोत तोच लपलेला दोष दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, आणि तसा असेल तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक या प्रमाणात तो मुलात उतरू शकतो. म्हणून घरात असे एक मूल असेल, तर त्याच नात्यात पुढचे लग्न ठरविण्यापूर्वी डॉक्टरचा सल्ला घ्यावा. दोष लपविल्याने तो नाहीसा होत नाही.

चौथा प्रश्न : तोंडाबाहेर काय दिसते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण येथे गोष्ट दाताची न राहता जीवाची होते. एका गावच्या शाळेत आमच्या पाहण्यात एक मुलगा आला. तासातासाला नळावर जाई, सदरा भिजवून वर्गात येई, डोक्यावर पाणी ओते. खोडकर म्हणून त्याची ख्याती होती, आणि छड्याही त्याने खाल्ल्या होत्या. केस विरळ, भुवया जवळजवळ नाहीत, कातडी कोरडी, आणि तोंडात मोजके चार-पाच दात, तेही टोकदार. मार्च महिन्यात त्याला वरचेवर ताप भरे आणि सावलीत निजविले की उतरे. आम्ही त्याच्या वडिलांस म्हटले, "मियाँ, याला दंतवैद्याकडे आणि मुलांच्या डॉक्टरकडे, दोघांकडेही न्या." निदान झाले ते असे की, या मुलाच्या अंगात घामाच्या ग्रंथीच जवळजवळ नाहीत. सदरा भिजविणे हा त्याचा खोडसाळपणा नव्हता. जीव वाचविण्यासाठी त्याने स्वतःच शोधून काढलेला तो उपाय होता.

या विकारात केस, दात व घामाच्या ग्रंथी या तिन्ही एकाच मूळ थरातून घडत असल्यामुळे तिन्हीत एकदम उणीव राहते. गंमत अशी की, या विकाराचे जुने प्रसिद्ध वर्णन आपल्याच मुलखातले आहे. चार्ल्स डार्विन याने पाळीव प्राणी व वनस्पती यांतील बदलांवरील आपल्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकीकत दिली आहे. त्यात चार पिढ्यांतील दहा पुरुषांस पुढचे चारच लहान, दुबळे दात आणि आठ दाढा होत्या. अंगावर केस थोडे, टक्कल लवकर पडे, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून फार त्रास होई. मुलींस हा विकार होत नसे, पण त्यांच्या मुलांत तो उतरे. बापाकडून मुलाकडे कधी जात नसे. पुढे के. आय. थडानी यांनी १९२१ व १९३४ साली सिंधच्या या दंतहीन माणसांविषयी शास्त्रीय मासिकात लिहिले. याचे कारण असलेले जनुक १९९६ साली सापडले, आणि ते ज्या गुणसूत्रावर आहे ते मुलाला आईकडूनच मिळते, म्हणून हा प्रकार. अशा आईच्या स्वतःच्या तोंडात पुष्कळदा एखादा दात कमी अगर टोकदार असतो. डॉक्टरने विचारले तर लाजू नये. आणि कोणी "तुझ्या माहेरचा दोष" म्हणून तिला बोल लावू नये. कोणते गुणसूत्र मुलाला द्यावे हे आईच्या हातात नसते.

आता विचार करा, आपल्या आदिलाबादला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घाम न येणारे मूल अशा उन्हात कवायतीला उभे केले, लग्नाच्या वरातीत हिंडविले, अगर पत्र्याच्या खोलीत निजविले, तर त्याचे काय होईल? लहान बाळांत तर या विकाराने ताप चढून मृत्यू येतात. केस विरळ, घाम नाही, वरचेवर ताप, आणि वर्षाचे झाले तरी एकही दात नाही, अशा बाळाला उशीर न करता दाखवावे. निदान झाले की उपाय साधे आहेत : सावली, पंखा, ओला सदरा, पाण्याची बाटली आणि मास्तरला दोन ओळींची चिठ्ठी. दातांसाठी तीन-चार वर्षांच्या मुलालाही लहान कवळी बसविता येते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. कवळी आली की मूल भाकरी चावू लागते, उच्चार सुधारतो, आणि चारचौघांत तोंडावर हात न धरता हसते. २०१८ साली जर्मनीतील एरलांगेन येथील डॉक्टरांनी गर्भातच औषध देऊन जन्मलेल्या मुलांस घाम येऊ लागल्याचे प्रसिद्ध केले. ते अजून सर्वांस उपलब्ध झालेले औषध नव्हे, पण आशा बाळगण्यास जागा आहे.

तोंडाबाहेर पाहण्याचे आणखी एक उदाहरण. दुधाचे दात पडत नाहीत, हिरडीत जादा दातांची गर्दी, आणि मूल आपले दोन्ही खांदे छातीपुढे जवळजवळ टेकविते. हा खेळ म्हणून मुले टाळ्या पिटतात. परंतु गळ्याची हाडे अपुरी असण्याचा तो एक दुर्मीळ जन्मजात विकार असतो.

शेवटी जन्मतः दात असलेल्या बाळाविषयी. दोन-तीन हजारांत एखादे बाळ दात घेऊन जन्मते. आपल्याकडे त्यास अशुभ मानतात. वरचे दात आधी आले तर मामावर संकट, असेही म्हणतात. खरे पाहता असा दात बहुधा जादा नसतो. खालच्या पुढच्या दुधाच्या दातांपैकीच एक लवकर बाहेर पडलेला असतो. तो उपटला तर ती जागा पुढची सहा-सात वर्षे रिकामी राहते. शिवाय जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्ताची गोठण्याची शक्ती कमी असते. म्हणून सुईणीने अगर घरच्या कोणी तो ओढू नये. दात फारच हलत असेल, अगर त्याने बाळाची जीभ वा आईचे अंग दुखावत असेल, तर काय करावे ते डॉक्टर ठरवील. मामाने निर्धास्त असावे.

हे सर्व दाखवावयाचे कोठे? येथे रिम्सच्या रुग्णालयात आधी जावे. पुढची गरज लागली तर हैदराबाद व नागपूर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि वर सांगितलेल्या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून द्यावीत.

ट्रस्टचा महोत्सव आहे, म्हणून एका दानशूर माणसाची आठवण करून देतो. हिंदुस्थानातील पहिले दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढले. सरकारी मदतीची वाट न पाहता सोडा-पाण्याचे दुकान चालवून त्याच्या उत्पन्नातून त्यांनी ते आरंभी चालविले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. दुकानाच्या नफ्यातून महाविद्यालय उभे राहू शकते, तर आमची मागणी फारच लहान आहे.

ती अशी. ट्रस्टने आपल्या सभासदांच्या मुलांसाठी एक वही ठेवावी. मूल सात, नऊ व बारा वर्षांचे झाले की त्याचे दात मोजून त्या वहीत लिहावेत. हे काम कोणताही शिक्षक करील, आम्ही स्वतः करू. संख्या अगर रूप जेथे जुळणार नाही, तेथे मुलाला डॉक्टरकडे धाडावे. ज्या घरास एक्स-रेचा, नागपूर-हैदराबादच्या भाड्याचा अगर कवळीचा खर्च झेपणार नाही, त्याचा खर्च ट्रस्टने गुपचूप द्यावा. आणि ज्या वस्तीतील मुलांचे दात सारखेच डागाळलेले दिसतील, तेथील पाण्याची बाटली पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत तपासावयास द्यावी.

घरी आपणांस करावयाचे तर याहूनही थोडे आहे. आज रात्री जेवण झाल्यावर मुलाला दिव्याजवळ बसवा, तोंड उघडावयास सांगा आणि दात मोजा. काही निराळे दिसले तर त्याला हसू नका, उपटू नका आणि लपवूही नका. चार प्रश्नांची उत्तरे घेऊन डॉक्टरकडे जा.